आईवर उभी असलेली माणसं

माझ्या भावानं आईला फसवलंय, हे मला दवाखान्यात कळलं. तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असताना. पट्ट्यावरचा आकडा एकदम वर गेला आणि डॉ. नदाफ म्हणाल्या, "मॅडम, काय झालं? घाबरू नका, साधं ऑपरेशन आहे."

मी घाबरले नव्हते. मला राग आला होता.

पित्ताशयात खडे झाले होते, ते काढायचे होते. हल्ली भूल अंदाजानं देत नाहीत. डॉक्टर तुमचा क्रमांक टाकतात, जनुककोशातून तुमची नोंद येते आणि कुठलं औषध तुमच्या अंगाला मानवेल, कुठलं अंगावर येईल, ते समोर दिसतं. माझा क्रमांक टाकला तर पडदा जरा वेळ नुसताच फिरत राहिला.

"नोंद उभी राहतेय तुमची," डॉ. नदाफ म्हणाल्या.

"उभी राहतेय म्हणजे?"

"पूर्ण नोंद ठेवलेली नसते ना तिथं. आईच्या नोंदीवरून तुमची बांधून देतात. हे बघा." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. त्यावर लिहिलं होतं : मूळ व्यक्ती, माता. उपलब्ध.

"माझी आई कोशात नाही," मी म्हणाले. "आषाढातच तिनं माघार घेतली."

"छे, असं कसं होईल? आईची नोंद नसती तर तुमची उघडलीच नसती." आणि त्या बोलत असतानाच माझी नोंद उघडली.

आमच्या घरी चातुर्मासात नियम घ्यायची रीत आहे. आम्ही जैन, मिरजेचे मगदूम. चार महिने एखादी गोष्ट सोडायची आणि महाराजांसमोर तसं बोलायचं. बहुतेक लोक चार महिन्यांनी पुन्हा धरतात. माझी आई, त्रिशलाबाई, धरत नाही. एका वर्षी तिनं नव्या साड्या सोडल्या, त्या सोडल्याच. टीव्ही सोडला. आण्णा, आमचे वडील, गेल्यावर गादी सोडली, ती आता चटईवर झोपते आणि आमच्यापेक्षा ताठ चालते. यंदा आषाढात तिनं बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, महाराजांना सांगितलं, "कोशात माझं रक्त लिहून ठेवलंय, ते मी सोडते."

महाराजसुद्धा क्षणभर थबकले असणार. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "मी जाणार, आणि माझी गुंडाळी करून ह्यांच्या कपाटात कशाला ठेवायची? कुणी विचारलंवतं मला? शिबिर आहे म्हणाले, बोट पुढं कर म्हणाले. केलं."

कायद्यानं कुणालाही माघार घेता येते. शिवाय कोशाच्या प्रतींची व्यवस्था बघणारा माणूस तिच्या पोटचाच होता. माझा धाकटा भाऊ अभिनंदन. आईनं त्याला समोर बसवून सांगितलं, त्यानं तिच्या फोनवर तिचा अंगठा घेतला, आणि आठवड्यानं येऊन पाया पडून म्हणाला, "आई, काढलं."

"सगळं?"

"सगळं."

तेव्हापासून ती सुखात होती. सकाळी बस्तीत जाताना मला म्हणायची, "हलकं वाटतंय गं पद्मा." आणि मी पडद्यावर 'उपलब्ध' वाचत होते.

डॉ. नदाफांना ऑपरेशन पुढं ढकला म्हणून सांगितलं आणि तडक कुपवाडला गेले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेवर कोशाची इमारत आहे. बाहेरून धान्याचं गोदाम वाटावं अशी. आत इतकी थंडी की माणसं भर श्रावणात स्वेटर घालून बसतात. अभिनंदन मला बघून खूश झाला. मी त्याचं काम बघायला कधी येत नाही अशी त्याची तक्रार होती.

"आई कुठं आहे?" मी विचारलं.

"घरी असेल की."

"इथं कुठं आहे, ते दाखव."

त्याचं तोंड उतरलं. खोटं बोलण्यात तो लहानपणापासून कच्चा आहे, नेमकं आईशीच त्याला कसं जमलं कोण जाणे. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि समजवायला लागला. आता ते समजावणं मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि रागात असले तरी मला नीट शिकवता येतं.

एका माणसाचं जनुकीय लिखाण म्हणजे तीनशे कोटी अक्षरं. ती जन्मापासून मरेपर्यंत जवळजवळ तशीच राहतात. असा हा कोश : अफाट मोठा, रोज नवी माणसं येऊन वाढणारा, पण एकदा लिहिलेलं सहसा न बदलणारा. त्याच्या प्रती काढून ठेवाव्या लागतात, कारण आग लागते, पूर येतो, यंत्रं मरतात. एक प्रत कुपवाडला, एक सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यात, एक दूर विदर्भात. पूर्वी दर रविवारी सगळ्याची नक्कल करायला जायचे आणि पुढचा रविवार आला तरी ती संपलेली नसायची. मग कुणीतरी शहाणपणानं ठरवलं की बदललं नाही ते पुन्हा उतरवायचं नाही, नवं असेल तेवढंच उतरवायचं. ते ठीक होतं. पण जुनं शाबूत आहे का हे अधूनमधून वाचून ताडावं लागतंच, आणि ते ताडणंसुद्धा आवाक्याबाहेर जायला लागलं.

इथं माझ्या भावाची हुशारी आली. माझ्यातलं निम्मं लिखाण आईचं आहे, जसंच्या तसं, आणि उरलेलं आण्णांचंही तिच्याशी बहुतेक जुळतं. मग ते दुसऱ्यांदा कशाला लिहायचं? आईचं पूर्ण ठेवा, माझ्यापुढं फक्त लिहा : इथून इथपर्यंत आईचं, हा तुकडा वेगळा. माझी नोंद चिमूटभर होते. माझ्या भावंडांची, त्यांच्या मुलांची, आईच्या भाच्यांची, पुतण्यांची तशीच. एका गोतात एक मूळ व्यक्ती, आणि बाकीचे सगळे तिच्यावर उभे. मूळ व्यक्तीची एक काचेची तबकडी, बाकीच्यांच्या चिमूटभर नोंदी साध्या यंत्रात. तबकडीवर एकदा कोरलं की पुसता येत नाही, नको झाली तर भट्टीत वितळवायची. कुठली व्यक्ती मूळ ठेवायची, हे यंत्र दर रविवारी हिशोब करून ठरवतं. जिच्यामुळं जागा वाचते ती राहते, वाचत नाही ती जाते. आठवड्याचं काम रविवारी दुपारच्या जेवणापर्यंत आटपायला लागलं. माझ्या भावाला दिल्लीत बोलावून शाल पांघरली. आईनं ती शाल बस्तीत देऊन टाकली, ती गोष्ट वेगळी.

"आणि आईसारखी मूळ व्यक्ती अख्ख्या जिल्ह्यात नाही, ताई," अभिनंदन म्हणाला. आवाजात कौतुक होतं, त्याचा मला जास्तच संताप आला. "आपल्याकडं मामाच्या पोराला पोरगी द्यायची रीत. आई मामाच्या घरात आली. मावशी तशीच. पुढं त्यांच्या पोरांची आपसात. त्यामुळं जो तो आईच्या जवळचा. इचलकरंजी, जयसिंगपूर, पार निपाणीपर्यंत माणसं तिच्यावर उभी आहेत. तिला काढलं तर सगळे खाली येतात."

"मग दुसऱ्या कुणावर उभे कर त्यांना."

"म्हणजे प्रत्येकाची नोंद परत पूर्ण उभी करा, परत ताडा, परत काच कोरा. होत नाही असं नाही. पण एकट्या आईपुरतं करून भागत नाही. माघार घेतलेल्या अशा मूळ व्यक्ती पुष्कळ आहेत. बहुतेक म्हाताऱ्या बायकाच. सगळ्यांचं करायचं म्हटलं तर रविवार पुरत नाही, सगळी आखणीच कोसळते."

"त्या सगळ्यांना काय सांगितलंस?"

"मंजूर म्हणून."

"म्हणजे?"

"नाव काढतो की आम्ही! नाव, पत्ता, फोटो, सगळं काढतो. राहतात ती नुसती अक्षरं."

"अरे, मग आईनं काय सोडलं? नाव? नाव सोडायला ती महाराजांपुढं गेली होती का?" मी ओरडले. बाहेर स्वेटरवाल्यांची डोकी वर झाली. "तिचा नियम मोडलास तू. तिला न सांगता मोडलास, आणि रोज ती तो पाळतेय असं समजून बस्तीत हात जोडते. लाज वाटत नाही?"

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "एक मार्ग आहे. तिच्या जागी दुसरी मूळ व्यक्ती चालेल, अगदी जवळची. थोरली मुलगी सगळ्यांत बरी बसते. फक्त तिनं लिहून द्यायचं की कधीच माघार घेणार नाही. तेवढं मी एका रविवारात करतो, कुणाला कळणारही नाही."

थोरली मुलगी म्हणजे मी. त्यानं आईला सोडवायची किंमत म्हणून बहीण मागितली आणि वर ती सोय म्हणून मागितली. मी टेबलावरचा त्याचा पेन उचलून फेकला. तो कपाटावर आपटून खाली पडला. मग म्हणाले, "देते लिहून. पण आधी आईला खरं सांगायचं. तू सांगायचंस."

तो आला नाही. संध्याकाळी येतो म्हणाला, मग उद्या म्हणाला. शेवटी मीच सांगितलं.

आई भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, अक्षरं, काच, माझं लिहून देणं, सगळं. तिच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"म्हंजे मी काढलेली न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मला काढायचं तर तुला बसवणार."

"मला चालतंय आई. मला काही नियम नाही."

"तुला चालंल गं. मला कसं चालंल?" तिचा आवाज चढला. मी आईला ओरडताना फार कमी वेळा ऐकलंय. "पोरीला खांबाला बांधून मी सुटायचं? हे सोडणं म्हणायचं का? अभ्याला काय वाटलं, मी काय सोडते ते? काहीतरी म्हातारपणाचं खूळ?" शेंगांची परात तिनं बाजूला सारली. "माझ्यावर कोण कोण उभं आहे, ते मला बघायचंय. बोलव सगळ्यांना."

आमचं भाद्रपदातलं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व तोंडावर आलंच होतं. त्या दिवसांत आमची माणसं एरवीही एकमेकांकडं येतात. पण त्या वर्षी आली तशी कधी आली नव्हती. आईनं स्वतः फोन केले. कारण सांगितलं नाही, फक्त "माझ्यासाठी ये" म्हणाली. बस्तीच्या मंगल कार्यालयात सतरंज्या घातल्या. इचलकरंजीचे आले, निपाणीचे आले, बेळगावची मावसबहीण गुडघ्याला पट्टा बांधून आली. अभिनंदन आला नाही.

मी उभं राहून सगळं समजावलं. वर्गात सांगते तसं. काही जणांना पटकन कळलं. काही जण चिडले, आईवर नव्हे, कोशावर. एक पुतण्या उठून म्हणाला, "काकू, आम्हाला तरी कुठं विचारलं होतं, कुणावर उभं राहणार म्हणून?"

मग आई बोलली. बसूनच बोलली. "मी कुणाला काही मागत न्हाई. माझा नियम आहे, तुमचा न्हाई. पण ज्याला माझ्यावरनं उतरता येतंय, त्यानं उतरावं. एवढंच."

माघार घ्यायला फोनवर अंगठा लागतो, बस्स. दुसऱ्यावर उभ्या असलेल्यांची नोंद चिमूटभर असते, ती खरोखरच पुसतात. त्यात कुणाचं काही अडत नाही. कार्यालयात भराभर अंगठे उमटायला लागले. लोक उगाचच एकमेकांना दाखवत होते, मतदानानंतर बोट दाखवतात तसे.

सुकुमारमामा मात्र फोन हातात धरून बसून राहिला. आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ. त्याचं रक्त पातळ ठेवायचं औषध कोशातल्या नोंदीवरून ठरतं. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर झटका. "आक्का," तो म्हणाला, "मी काय करू?" त्याचे डोळे भरले होते.

"तू उतरू नको," आई लगेच म्हणाली. "ज्याला औषध लागतंय त्यानं उतरायचं न्हाई. बाळंतपण जवळ आलेल्या पोरींनी न्हाई. माझी शपथ आहे."

मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आई, एक माणूस जरी राहिला तरी तू सुटणार नाहीस."

"मग न्हाई सुटणार," ती म्हणाली. "सुकुमारला मारून सुटू?"

त्या क्षणी मला अभिनंदनचा गळा धरावासा वाटला. त्याला एक खरं उत्तर देता आलं असतं. 'नाही आई, होणार नाही,' एवढं. ती दुसरं काहीतरी सोडती, तिला सोडायला काही कमी नव्हतं. पण त्यानं 'काढलं' म्हणून पाया धरले, आणि आता ती भरल्या सभेत आपला नियम भावाच्या गोळ्यांपुढं ठेवून देत होती.

मीही अंगठा दिला. माझ्या पित्ताशयाला जुन्या पद्धतीची भूल मिळेल, अंदाजाची. आमच्या आधीच्या सगळ्या पिढ्यांना तशीच मिळाली.

पर्व संपलं. आमच्यात पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस असतो. घरोघरी जायचं, हात जोडायचे, वर्षभरात काही चुकलं असेल त्याची क्षमा मागायची. त्या दिवशी सकाळी अभिनंदन आला. दारातच त्याचा चेहरा उजळलेला होता.

"आई, सुटलीस!" तो म्हणाला. "परवाच्या रविवारी यंत्रानं तुला काढलं. मी हात लावला नाही, आपोआप झालं. तुझी काच भट्टीत गेली, तिन्ही ठिकाणची. मी स्वतः कुपवाडची वितळताना बघितली."

आईनं चष्मा काढला. "सुकुमारचं काय?"

"मामा ठीक आहे. त्याची नोंद आता पूर्ण ठेवली. बाकी जे थोडे राहिलेत, त्यांचीसुद्धा."

"म्हंजे ठेवता येत होती."

अभिनंदन खाली वाकून चपला काढायला लागला.

"मी सांगितलं म्हणून काढलं का रे मला?" आईनं विचारलं.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला सोडवणार नव्हते, पण आईला पुन्हा खोटं ऐकवायचं नव्हतं. "नाही आई," मी म्हणाले. "तू सांगितलंस ते कुणी ऐकलंच नाही. तुझ्यावर आता पुरेशी माणसं उभी नव्हती. तुझ्यामुळं जागा वाचेना, म्हणून तू गेलीस. आधी लागत होतीस म्हणून ठेवली होती, आता लागत नाहीस म्हणून टाकली."

मग अभिनंदननं हात जोडले, मान खाली घातली आणि दरवर्षीचं वाक्य म्हणाला, "आई, उत्तम क्षमा. कळत-नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर."

दरवर्षी ती लगेच हात जोडते. ह्या वर्षी जोडले नाहीत.

"नकळत जे केलंस ते मी कवाच सोडलं," ती म्हणाली. "कळून जे केलंस त्याचं असं घाईनं मागू नको. आणि माझ्या एकटीकडं मागून भागणार न्हाई. त्या बायका किती आहेत, ज्यांना तू मंजूर म्हणून सांगितलंस?"

"पुष्कळ आहेत आई."

"प्रत्येकीच्या दारात जायचं. काढलं न्हाई म्हणून सांगायचं. ओरडतील, ऐकून घ्यायचं. मग हात जोडायचे. त्यांनी क्षमा केली तर माझ्याकडं ये."

"आई, माझी नोकरी जाईल. कदाचित त्याहून वाईट होईल."

"व्हय," आई म्हणाली. "जाईल."

मला वाटलं, आता तो समजावायला लागेल. आखणी, रविवार, काच. त्यानं तोंड उघडलंही. पण आई त्याच्याकडं नुसती बघत राहिली, आणि त्यानं पुन्हा मिटलं. शेवटी म्हणाला, "पहिल्यांदा कुणाकडं जाऊ?"

"शेजारी," आई म्हणाली. "कमलाक्कांनी माझ्याच शेजारी उभं राहून हाच नियम घेतलावता."

तो गेला. मी त्याच्यापुढं हात जोडले नाहीत, त्यानंही माझ्याकडं मागितलं नाही. आई डोळे मिटून बसली. भिंतीपलीकडं दार उघडल्याचा आवाज आला, "ये की रे अभि, बस," असं कमलाक्का म्हणाल्या, मग बराच वेळ त्याचाच खालच्या पट्टीतला आवाज. शब्द कळत नव्हते.

मग कमलाक्का ओरडायला लागल्या. त्यांचा एकेक शब्द आमच्या घरात स्वच्छ ऐकू येत होता. आईनं मला खिडकी लावू दिली नाही, आणि मलाही ती लावायची नव्हती.